पंखा फिरतोय का, ते आधी बघा

(मालवण येथे चारचाकी चालवणाऱ्या आणि शिकू पाहणाऱ्या बायकांच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मला भाषणाची सवय नाही. मी व्हॅन चालवते. सकाळी मासळी विकणाऱ्या बायका आणि त्यांच्या पाट्या घेऊन बाजाराला जाते. उरलेल्या वेळात मिळेल ते भाडं मारते, दवाखाना असो, लग्न असो की जत्रा. गाडी जुनी आहे, पण तिच्यावर माझं घर चालतं. म्हणून ती बंद पडली की नुसती गाडी बंद पडत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आज मी एकाच बिघाडाबद्दल बोलणार आहे. इंजिन थंड ठेवणारा पुढचा पंखा फिरायचा थांबला तर ते ओळखायचं कसं? विषय लहान आहे. पण या लहान विषयापायी मी चौदा हजार रुपये घालवले आणि एका गरोदर बाईला भर रस्त्यात उतरवायची पाळी माझ्यावर आली. तेव्हा आधी ती हकिगत ऐका.

तीन वर्षांपूर्वी आंगणेवाडीच्या जत्रेहून परत येत होते. भराडीदेवीच्या जत्रेला मुंबईचे चाकरमानी किती येतात आणि त्या रस्त्याला गाड्यांची रांग कशी लागते, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. पाऊण तास माझा पाय ब्रेकवरून निघाला नाही. गाडीत सहा जणी होत्या, त्यातल्या एकीला आठवा महिना. तापमानाचा काटा एरवी मध्यावर असतो, तो वर चढू लागला. मी म्हटलं, रांग सुटली की उतरेल. रांग सुटली नाही. काटा लाल पट्टीला टेकला आणि पुढून वाफ आली. गाडी कडेला घेऊन बंद केली. त्या पोरीला दुसऱ्या गाडीत हातापाया पडून बसवून दिलं. ती सुखरूप पोचली, पण तिचा तेव्हाचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, ‘गाडी कोण चालयता? घोव खंय आसा?’ काय झालं, कधीपासून तापतेय, हे त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून गॅरेजात नेली. कोणतं गॅरेज ते सांगणार नाही, कारण मुद्दा एका गॅरेजचा नाही. सोबत माझा धाकटा भाऊ होता. त्याला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. पण मिस्त्री सगळं त्यालाच समजावून सांगत होता. हेडची गॅसकेट गेली, हेड उतरवावं लागेल. भाऊ मान हलवत होता आणि पैसे मी मोजणार होते. बचत गटातून कर्ज काढलं. त्याचे दहा हप्ते फेडले. गाडी घेऊन आले आणि विसाव्या दिवशी बाजारात पाट्या उतरवत असताना काटा पुन्हा वर गेला.

मी स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले होते. तेव्हा दोन वर्षं रोज माझ्या गाडीतून येणारी एक काकी जवळ आली. तिनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. ती म्हणाली, ‘गो, आदी गाडी उबी रवली काय फुडचो पंखो घूं करून वाजायचो. आता वाजणा नाय.’

मैत्रिणींनो, निदान इथेच झालं. ज्यानं चौदा हजार घेतले त्यानं पंखा पाहिला नव्हता. मागच्या सीटवर पाटीशेजारी बसणाऱ्या बाईनं पंखा ऐकला होता. आणि मी, गाडीची मालकीण, मला पुढे पंखा असतो एवढंच ठाऊक होतं.

आता कारभार समजून घेऊ. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच चाकांच्या कामी येतो. बराचसा धुराबरोबर नळीतून जातो. उरलेली उष्णता बाहेर काढली नाही तर इंजिन स्वतःलाच भाजून घेईल. आपल्या किनाऱ्यावरच्या होड्यांची बाहेर बसवलेली इंजिनं समुद्राचं पाणी खेचतात, फिरवतात आणि परत समुद्रात टाकतात. इंजिनाच्या मागून एक बारीक धार पडते ना? ती थांबली की जाणता माणूस लगेच इंजिन बंद करतो. गाडीपाशी समुद्र नसतो. तिला तेच ते पाणी पुन्हा पुन्हा वापरावं लागतं. पंप ते पाणी इंजिनातून फिरवतो. ते ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापलं की थर्मोस्टॅट नावाची झडप उघडते आणि पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये जातं. तिथे वारा लागून निवतं आणि परत येतं.

हा वारा येतो कुठून? गाडी पळत असेल तर समोरून आपोआप येतो. गाडी उभी असेल, रांगेत सरकत असेल, नाहीतर आंबोलीचा किंवा फोंड्याचा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरात चढत असेल, तर वारा पुरत नाही. तेव्हा पंखा लागतो. जुन्या अँबॅसडर, पद्मिनी आणि जीपना इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा असे. इंजिन चालू की पंखा चालू. आताच्या गाड्यांना बहुतेक विजेचा पंखा असतो आणि तो गरज पडली तरच फिरतो.

म्हणून पहिली खूण लक्षात ठेवा. मोकळ्या रस्त्यावर काटा जागेवर आणि गाडी थांबली की वर, पुन्हा पळवली की खाली, असं असेल तर आधी पंख्याचा संशय घ्या. उलट पळत्या गाडीचा काटाही चढत असेल तर पाणी कमी आहे का, जाळी तुंबली आहे का, झडप अडकली आहे का, पंप गेला आहे का, हे बघावं लागेल. गॅसकेट जाते तेव्हा पाणी बाहेर न गळता कमी होत जातं, धुराला सतत पांढरी वाफ येते, पाण्यात बुडबुडे दिसतात, कधी इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. माझ्या गाडीत यातलं एकही लक्षण नव्हतं. ‘कधी तापते?’ एवढा एक प्रश्न मला कुणी विचारला असता, तर माझे पैसे वाचले असते.

तपासायच्या आधी तीन ताकिदी देते. पहिली, तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. त्या झाकणातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि ते सगळं पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबा, वरची नळी हाताला गार लागू दे. दुसरी, काही गाड्यांमध्ये इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा. पात्याला हात लावायचा असेल तर आधी बॅटरीची वजा तार काढा. तिसरी, फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार अडकवू नका. फ्यूज कमी मोलाचा असतो, तो जळून गाडी वाचवतो. तार जळत नाही, मग गाडी जळते.

आता विजेचा रस्ता बघा. बॅटरीतून वीज फ्यूजमध्ये, तिथून रिलेमध्ये, रिलेतून पंख्याच्या मोटारीत, आणि मोटारीच्या दुसऱ्या तारेनं गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीत. पत्र्याला जोडलेल्या या तारेला आपण अर्थ म्हणतो. रिलेला ‘आता सोड’ म्हणून सांगायला पाण्यात बसवलेला एक स्विच असतो. नव्या गाड्यांत स्विचच्या जागी सेन्सर असतो, तो गाडीच्या संगणकाला सांगतो आणि संगणक रिलेला सांगतो. विहिरीचा पंप बंद पडला तर आपण काय करतो? आधी घरातली वीज बघतो, मग स्विच, मग वायर, आणि शेवटी पंप वर काढतो. इथेही तसंच, सोप्याकडून अवघडाकडे.

एक. इंजिन थंड, बॅटरीची तार काढलेली. पातं बोटानं फिरवा. सहज फिरलं तर बरं. अडकत असेल, खरखरत असेल तर मोटारीचं बेअरिंग गेलं.

दोन. फ्यूज काढून उजेडात धरा. आतली तार तुटली असेल तर तेवढ्याच आकड्याचा नवा घाला. तोही लगेच उडाला तर कुठेतरी वायर पत्र्याला लागते आहे, नाहीतर मोटार अडकून जास्त वीज ओढते आहे. तिसरा फ्यूज जाळू नका.

तीन. रिले. फ्यूजच्या डब्यात पंख्याच्या रिलेसारखाच, त्याच नंबरचा रिले बहुधा हॉर्नलाही असतो. चावी बंद करून दोघांची अदलाबदल करा. पंखा चालू लागला आणि हॉर्न मुका झाला, तर रिले खराब. वायरमनची गरजच पडली नाही.

चार. गाडीला एसी असेल तर इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरू लागतो. एसीनं फिरतो आणि पाणी तापल्यावर फिरत नाही, तर पंख्याची मोटार आणि तारा ठीक आहेत, सांगणारा स्विच किंवा सेन्सर बघा. मात्र काही गाड्यांना दोन पंखे असतात, तेव्हा फिरतोय तो कोणता, हे नीट पाहा.

पाच. जुन्या गाड्यांत पाण्याच्या स्विचला दोन तारा येतात. प्लग काढून त्या दोन तारा कागदाच्या क्लिपनं जोडा आणि चावी फिरवा. पंखा फिरला तर स्विच गेला, किंवा पाणी कमी असल्यामुळे तापलेलं पाणी स्विचपर्यंत पोचत नाही. संगणकाच्या गाड्यांत सेन्सरच्या तारा अशा जोडायच्या नाहीत. तिथे इंजिन चालू ठेवून नुसता प्लग काढला तर बऱ्याच गाड्यांत संगणक धोका ओळखून पंखा स्वतःच चालू करतो.

सहा. बारा व्होल्टचा एक लहान बल्ब होल्डरमध्ये बसवून त्याला दोन तारा जोडून घ्या. हे अवजार प्रत्येकीच्या गाडीत असावं. पंख्याचा प्लग काढून त्याच्या दोन टोकांना बल्ब लावा आणि पंखा चालू व्हायची वेळ आणा. बल्ब लागला नाही तर वीज येतच नाही. लागला तर वीज येते आहे, पण एवढ्यावर मोटार गेली असं म्हणू नका. इथेच माझ्याकडे दुसऱ्यांदा चूक होणार होती.

माझ्या गाडीचं पातं मोकळं होतं, फ्यूज शाबूत होता, रिले बदलून फरक पडला नाही. स्विचच्या तारा जोडल्यावर रिलेचा टक् असा आवाज आला, म्हणजे हुकूम पोचत होता. बल्ब लावला, तो लागला. प्लग परत लावला तर पंखा ढिम्म. मी म्हटलं, मोटार गेली. पण शेजारी बसून मला शिकवणारा म्हातारा वायरमन म्हणाला, ‘घाई करू नको. मोटारीला थेट बॅटरीतून वीज दे.’ मध्ये फ्यूज घालून दोन तारा बॅटरीतून थेट मोटारीला लावल्या आणि पंखा घूं करून फिरला! मग बल्ब लागला आणि पंखा का नाही? तर बल्बाला वीज थोडी लागते, मोटारीला कितीतरी जास्त. गंजलेल्या सांध्यातून थोडी वीज गळत-गळत जाते, जास्त जात नाही. चिंचोळ्या पायवाटेनं एकटी बाई जाते, वरात जात नाही, तसं.

आता सांधा कुठला? प्लग लावून बॅटरीच्या वजा टोकापासून एक जास्तीची तार पंख्याच्या अर्थच्या तारेला टेकवली. पंखा फिरला. म्हणजे येणारी वीज ठीक, परत जाणारा रस्ता खराब. तार पत्र्याला जिथे बोल्टनं बसवली होती, तिथे हिरवा-पांढरा मीठफुटवा आला होता. आपली हवा खारी. वाळूत लावलेल्या गाड्या, पाटीतून गळणारं बर्फाचं पाणी, चार महिने पाऊस. पॉलिश पेपरनं घासलं, तारेला नवं टोक बसवलं, वरून व्हॅसलिन लावलं. खर्च चहापाण्याएवढा. चौदा हजारांचं हेड उघडलं गेलं, ते याच्यासाठी.

तो मिस्त्री लबाड होता की त्याला कळलं नाही, मला माहीत नाही. पण मला कळत नव्हतं म्हणून त्याचं दोन्ही बाजूंनी चाललं. हे फक्त गॅरेजात घडतं का? दवाखान्यात, तलाठ्याकडे, बँकेत, बोलणं बरोबरच्या पुरुषाशी होतं आणि अंगठा किंवा सही आपली असते.

आपल्याला चाक मिळालं, त्यालाही फार दिवस झाले नाहीत. शीला डावरे परभणीहून पुण्यात आल्या आणि १९८८ साली रिक्षा चालवू लागल्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या आणि २०२३ साली त्यांनी वंदे भारत चालवली. त्यांनी कराडच्या तंत्रनिकेतनात विजेचं शिक्षण घेतलं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांना गाडी हाकण्याआधी गाडी कळत होती.

आणि पहिला लांबचा प्रवास तर बाईनंच केला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानं बनवलेल्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. शंभराहून जास्त किलोमीटर. त्या गाडीला आजच्यासारखी थंड करायची सोय नव्हती, पाणी उकळून उडून जाई, म्हणून वाटेत मिळेल तिथे पाणी भरत जावं लागलं. इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेकला चांभाराकडून कातडं ठोकून घेतलं. लग्नाआधीच तिनं आपल्या हुंड्याचे पैसे त्या माणसाच्या धंद्यात घातले होते. १८८६ चं पेटंट मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर. पैसा बाईचा, दुरुस्ती बाईची, कागद पुरुषाचा. ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. वाटेत काटा चढला तर एसी बंद करा. गाडीला हीटर असेल तर तो पुरा उघडा. आपण घामाघूम होऊ, पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर जाईल. काटा लालला टेकायच्या आत कडेला थांबा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये घालणं ही अडीअडचणीची गोष्ट. आपल्या किनाऱ्याच्या बऱ्याच विहिरी मचूळ आहेत, त्या पाण्यानं जाळी आतून गंजते. रोज कूलंटच घाला. पावसाळा संपला की अर्थचे सांधे एकदा उघडून घासा.

गॅरेजात जाल तेव्हा तुम्ही स्वतः बोला. गाडी कधी तापते ते सांगा, काय तपासलं ते सांगा. खर्चाचा अंदाज लेखी मागा. काढलेले जुने भाग परत मागा. पक्कं बिल घ्या. माझ्याकडे बिल नव्हतं, म्हणून मला पुढे काही करता आलं नाही. सेवेतल्या त्रुटीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून आधी विचारताही येतं.

गॅरेजवाले सगळे वाईट असतात, असं मी म्हणत नाही. मला शिकवलं तोही एक कारागीरच होता, आणि माझ्या प्रश्नांना तो कधी हसला नाही. आज मी गाडी त्याच्याकडेच नेते. फरक एवढाच की, आता आम्ही दोघं मिळून बॉनेटखाली बघतो.

ती काकी आज इथे आली आहे, मागे बसली आहे. तिला पुढे यायला लाज वाटते. मी तिला म्हटलं, तुझं नाव सांगू? ती म्हणाली, ‘नको गो, माका काय कळता?’ तर काकी, तुला काय कळतं ते आज या सगळ्या जणींना कळलं.

बोलणं पुष्कळ झालं. बाहेर अंगणात माझी गाडी उभी आहे, इंजिन थंड आहे. बॅटरीची वजा तार मी काढून ठेवली आहे. पदर खोचून या. पहिलं पातं कोण फिरवणार?